बुडालेल्या कंपनीची स्कूटर घ्यावी काय?

धुळ्यात पारोळा रोडला किंवा साक्री रोडला जुन्या दुचाक्या विकणाऱ्यांच्या ओळीत अलीकडे एक वेगळाच माल दिसतो. रंग ताजा, टायर निम्मेही झिजलेले नाहीत, मीटरवर जेमतेम काही हजार किलोमीटर, आणि किंमत मात्र मूळ बिलाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. या विजेवर चालणाऱ्या स्कूटर आहेत आणि त्यांचा भाव पडण्याचे कारण बहुतेक वेळा गाडीत नसते. ज्यांनी त्या बनवल्या त्यांनी गाशा गुंडाळला, ज्यांनी विकल्या त्यांच्या शोरूमच्या जागी आता मोबाइलचे किंवा कपड्यांचे दुकान थाटलेले आहे, आणि वॉरंटी कार्डावरचा फोन कोणी उचलत नाही. विक्रेते त्यांना सरळ ‘बंद कंपनीची गाडी’ म्हणतात आणि घासाघीस न करता आणखी दोन हजार उतरवतात. अशीच एक स्कूटर आमच्या घरात दुसऱ्या हाताने आली आणि आता रोजच्या वापरात आहे. ती कशी आहे, आणि तिच्यासारखी दुसरी कोणी घ्यावी का, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

कंपनीचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे ज्या मोठ्या कंपन्यांची नावे येतील त्यांपैकी ती कोणतीही नव्हे. त्यांच्या पावलावर पाऊल टाकून आलेल्या आणि त्यांच्याच वाटेने गेलेल्या लहान कंपन्यांपैकी ती एक होती. गाडीचा प्रकार मात्र सांगायलाच हवा. साधारण दीड युनिट, म्हणजे दीड किलोवॅट-तास वीज साठवणारी, सीटखालून उचलून घरात नेता येणारी बॅटरी, मागच्या चाकातच बसवलेली हब मोटर, दोन्ही चाकांना ड्रम ब्रेक, आकडे दाखवणारा साधा मीटर आणि सपाट पायठाण. मोबाइलशी जोडणारे काही नाही, नकाशा नाही, पडदा नाही. ताशी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरच्या पुढे ती जात नाही. २०२१-२२ च्या सुमारास खान्देशातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी जे विकले गेले ते बहुतांशी याच घडणीचे होते.

ती घडण का आली, हे समजल्याशिवाय आजचा भाव समजत नाही. विजेच्या वाहनांना अनुदान देणारी केंद्र सरकारची फेम-२ योजना एप्रिल २०१९ मध्ये दहा हजार कोटींच्या तरतुदीने सुरू झाली आणि जून २०२१ मध्ये दुचाकींसाठीचे अनुदान बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे दहा हजारांवरून पंधरा हजार रुपये करण्यात आले. किमतीच्या तुलनेत असलेली मर्यादाही २० टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेली. दीड किलोवॅट-तासाच्या बॅटरीला याचा अर्थ गाडीमागे साडेबावीस हजार रुपये. त्याच वर्षी महाराष्ट्रात पेट्रोलने शंभरी ओलांडली होती. पासष्ट-सत्तर हजारांत स्कूटर, परवडणारे चार्जिंग आणि दारात पेट्रोलचा हिशेब नाही, म्हटल्यावर गिऱ्हाईक चालून आले. ज्याच्याकडे काल सायकलींची किंवा इन्व्हर्टरची एजन्सी होती त्याने आज विजेच्या स्कूटरची घेतली, अनामत भरली, काचेची शोरूम थाटली आणि दसऱ्याला हार घातलेल्या गाड्यांची रांग लावली.

या लाटेवर सर्वांत उंच गेलेली कंपनी म्हणजे हिरो इलेक्ट्रिक. नवीन मुंजाल यांची ही कंपनी २००७ पासून या धंद्यात होती, कारखाना लुधियानाला. ‘हिरो’ हे नाव विजेच्या वाहनांपुरते तिच्याकडे राहिल्यामुळे मोठ्या हिरो मोटोकॉर्पला आपली विजेची स्कूटर २०२२ मध्ये ‘विडा’ या वेगळ्या नावाने आणावी लागली, यावरून त्या नावाचे मोल लक्षात यावे. २०२१-२२ या आर्थिक वर्षात हिरो इलेक्ट्रिकच्या सुमारे ६५ हजार गाड्यांची नोंदणी झाली आणि ती देशात पहिली आली, ओकिनावा दुसरी. मागणी पुरी करायला कारखाना पुरेना म्हणून जानेवारी २०२२ मध्ये महिंद्राशी करार झाला आणि ऑप्टिमा व एनवायएक्स या तिच्या गाड्या पिथमपूरला बनवण्याचे ठरले. पिथमपूर म्हणजे आपल्याच आग्रा रोडने शिरपूर, सेंधवा ओलांडून पुढे इंदूरच्या अलीकडे. धुळ्याच्या डीलरांना तेव्हा माल अंगणातून आल्यासारखा वाटला असणार.

मग उतार लागला, आणि तो कसा लागला ते नीट पाहण्यासारखे आहे. अनुदान गिऱ्हाइकाच्या खात्यात जमा होत नव्हते. कंपनीने ते बिलातच वजा करून गाडी स्वस्तात द्यायची आणि नंतर सरकारकडून वसूल करायचे, अशी पद्धत होती. म्हणजे प्रत्येक विकलेल्या गाडीगणिक कंपनीचे वीस-बावीस हजार सरकारकडे अडकलेले, आणि जितकी विक्री जोरात तितकी रक्कम मोठी. योजनेची अट अशी होती की मोटर, तिला बॅटरीतली वीज बेताने पुरवणारा कंट्रोलर, चार्जर असे ठरावीक भाग टप्प्याटप्प्याने देशातच बनवलेले असावेत. २०२२ मध्ये तक्रारी झाल्या की अनेक कंपन्या हे भाग चीनमधून आणून येथे केवळ जुळवणी करत आहेत. अवजड उद्योग मंत्रालयाने चौकशी लावली, हिरो इलेक्ट्रिक व ओकिनावा यांचे अनुदान थांबवले, आणि पुढे २०२३ मध्ये सात कंपन्यांकडून मिळून सुमारे ४६९ कोटी रुपये परत मागितले. रिव्होल्टसारख्या काहींनी पैसे भरून विषय मिटवला. ज्यांच्याकडे भरायला पैसे नव्हते त्यांचे मात्र दोन्हीकडून मरण झाले, कारण आधी दिलेली सवलत परत मिळेना आणि पुढच्या गाड्यांवर सवलत देता येईना. तोपर्यंत ओला, एथर, टीव्हीएस, बजाज यांच्या अनुदानासह विकल्या जाणाऱ्या, दिसायला आणि पळायला सरस गाड्या बाजारात होत्या. जून २०२३ मध्ये अनुदान पुन्हा दहा हजारांवर व मर्यादा १५ टक्क्यांवर आली तेव्हा उरलेसुरलेही गळाले. डिसेंबर २०२४ मध्ये मेट्रो टायर्स या पुरवठादाराच्या अर्जावरून राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने हिरो इलेक्ट्रिकविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू करण्यास मंजुरी दिली. अर्जातली थकबाकी होती सुमारे १.८५ कोटी रुपये. तीन वर्षांपूर्वी देशात पहिली असलेली कंपनी टायरवाल्याच्या उधारीवर अडली.

या प्रकरणात सरकारचे चुकले की कंपन्यांचे, यावर धंद्यातली माणसे अजून हमरीतुमरीवर येतात. माझे मत सांगायचे तर अट योग्य होती. ती पाळली जाते की नाही हे गाड्या विकल्या जाण्याआधी पाहिले गेले असते तर गिऱ्हाईक आणि डीलर यांच्या गळ्यात हे लोढणे आले नसते. लहान गावातल्या डीलरचे हाल तर कोणी विचारलेही नाहीत. त्याची अनामत कंपनीकडे, त्याने भरलेला माल अनुदान नसल्याने महाग, आणि रोज दारात बॅटरीची तक्रार घेऊन उभे असलेले ओळखीचेच लोक; गावात तोंड चुकवून तरी किती दिवस फिरणार?

आता गाडीविषयी. चालवायला ती सोपी आणि हलकी आहे. पाचकंदीलच्या गर्दीत, जिथे पाय टेकत टेकतच पुढे सरकावे लागते, तिथे आवाज न करता, क्लच-गिअरची कटकट न करता ती निघते आणि बाजूने सुळकन जाते. पायठाण सपाट असल्यामुळे भाजीची पिशवी, गॅसची टाकी किंवा हिवाळ्यात भरिताच्या वांग्यांचे अर्धे पोते सहज मावते. हल्लीच्या देखण्या स्कूटरींना ही सोय राहिलेली नाही, याचे मला खरोखर नवल वाटते. सीट लांब आहे. आरसे बरे आहेत. दिवा मात्र मिणमिणता आहे आणि देवपुरातल्या गल्ल्यांपुरताच तो चालेल, रात्री महामार्गावर त्याच्या भरवशावर जाऊ नये. ब्रेक दोघे बसलेले असताना आणि उतारावर वेग धरलेला असताना कमी पडतात. मागचे शॉकअॅब्सॉर्बर कडक असून खड्ड्यात मोटरीचे सगळे वजन मागच्या चाकात असल्याची जाणीव पाठीला होते.

पल्ला किती, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला जातो. कंपनीच्या पत्रकात ऐंशीच्या वरचा आकडा छापलेला होता, कारण अनुदानाला पात्र ठरण्यासाठी चाचणीत ऐंशी किलोमीटर गाठणे आवश्यकच होते. चाचणीतली गाडी एकसारख्या बेतशीर चालीने पळते. तिच्यावर मागे बसलेले माणूस नसते, समोरून वारा नसतो आणि रस्ता लळिंगच्या घाटाचा नसतो. नव्या बॅटरीवर गावात पन्नासच्या आसपास आणि आता, काही वर्षे वापरलेल्या बॅटरीवर, पस्तीस-चाळीस धरून चालावे. लळिंगच्या चढाला दोघे बसले तर वेग वीसपर्यंत उतरतो आणि मीटरवरची बॅटरीची रेघ डोळ्यांदेखत खाली येते; चढ संपल्यावर तिच्यातली थोडी परत वर चढते, तेव्हा त्या रेघेवर फार विश्वास टाकू नये. खर्च मात्र नगण्य आहे. एका पूर्ण चार्जिंगला, चार्जरमध्ये उष्णता होऊन जाणारी वीज धरूनही, दोन युनिटांच्या आतच लागतात. युनिटाला दहा रुपये धरले तरी वीस रुपयांत गावातले दोन दिवस निघतात.

आपल्या हवामानाचा प्रश्न वेगळा आहे आणि पत्रकात त्याचा उल्लेख नव्हता. धुळे-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो आणि जानेवारीत धुळ्याची थंडी हाडांत शिरते. बॅटरीला दोन्ही आवडत नाहीत, पण नुकसान करते ती उष्णता. उन्हात उभी राहिलेली गाडी आणून लगेच चार्जिंगला लावणे हा तिचे आयुष्य घटवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. बॅटरी काढून घरात, जमिनीवर, सावलीत तासभर ठेवावी आणि मग रात्री चार्ज करावी. उचलून नेता येणारी बॅटरी हा या गाडीचा मोठा गुण ठरतो तो येथे. गाडी पत्र्याच्या शेडमध्ये तापत राहिली तरी बॅटरी तापत नाही. थंडीत पल्ला काही किलोमीटरने घटतो आणि फेब्रुवारीत परत येतो, त्याची काळजी नको.

आमच्या गाडीची बॅटरी एका उन्हाळ्यानंतर अचानक दगा देऊ लागली. पूर्ण चार्ज दाखवायची आणि थोडे अंतर गेल्यावर, चढावर जोर पडताच, गाडी एकदम बंद. कंपनी नाही, डीलर नाही. शेवटी आग्रा रोडच्या मागच्या गल्लीत इन्व्हर्टर व मोटर रिवायंडिंगचे काम करणाऱ्या एका तरुण कारागिराकडे नेली. त्याने बाजूचे आठ स्क्रू काढून झाकण उघडले. आत सेलांचे सोळा गट एकापुढे एक जोडलेले, प्रत्येकी ३.२ व्होल्टचे, म्हणजे एकूण ५१.२, त्यांच्यावर नजर ठेवणारी हाताच्या पंजाएवढी एक पाटी, जिला बीएमएस म्हणतात, आणि तिला जाणाऱ्या बारीक तारांची वेणी. त्याने मल्टिमीटरची टोके त्या वेणीच्या एकेका तारेला लावत व्होल्टेज लिहून घेतले. सगळे गट जवळपास सारखे. मग बॅटरीवर हॅलोजनचे दिवे जोडून भार दिला आणि पुन्हा तेच मोजमाप केले. पंधरा गट जागेवर राहिले आणि एक झरझर खाली गेला. तो गट ठरलेल्या मर्यादेखाली घसरला की बीएमएस इतर पंधरांत वीज शिल्लक असूनही सगळी बॅटरी तोडते, कारण तिचे कामच ते आहे. त्याने तेवढ्या गटातले सेल बदलले, नवे सेल बाकीच्यांच्या पातळीवर आणून जोडले, निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने पक्क्या केल्या आणि रात्रभर दुकानात लावून ठेवायला सांगितले. नवी बॅटरी घेतली असती तर गाडीच्या किमतीएवढा खर्च आला असता. येथे काम त्याच्या अगदी लहान हिश्शात झाले.

काम चालू असताना तो म्हणाला, “गाडी चांगली शे आप्पा, तिना मायबाप सोडी गयात.” मी त्याला कंट्रोलर गेला तर काय करायचे ते विचारले, तेव्हा त्याने फळीवरचे तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे कंट्रोलर काढून समोर ठेवले. तिन्हींना मोटरीच्या त्याच तीन जाड तारा, त्याच पाच बारीक तारा, अॅक्सिलेटरच्या त्याच तीन. आमच्या गाडीतल्या मूळ कंट्रोलरवरचे स्टिकर चिनी लिपीत होते आणि त्याच्या फळीवरच्या एकावर तेच होते.

सगळी गोम येथे आहे. बाहेरून आणलेले, कोणालाही विकत मिळणारे सुटे भाग जुळवून गाडी बनवणे, याच आक्षेपाने त्या पिढीतल्या कंपन्यांचे अनुदान गेले आणि त्यांचा आधार सुटला. पण त्याच कारणाने त्यांच्या गाड्या कंपनीवाचून जगतात. मोटरीतला हॉल सेन्सर, म्हणजे चाक कुठवर फिरले ते कंट्रोलरला कळवणारा बारीक भाग, बिघडला की चाक अडखळत, दातओठ खात फिरते. तो भाग चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळतो आणि बदलायला हाताची सवय पुरते. लाइट-हॉर्नला बारा व्होल्ट पुरवणारा कन्व्हर्टर, चार्जर, अॅक्सिलेटर, ब्रेकचे स्विच, टायर, लायनर, काहीही अडत नाही. अडते ते प्लॅस्टिकचे. पुढचे मडगार्ड आणि बाजूचे पॅनल त्या साच्यातलेच हवे असतात आणि साचा गेला कुठे कोणास ठाऊक. आमच्या गाडीचे एक पॅनल तारेने शिवलेले आहे.

याउलट आजच्या मोबाइलशी जोडलेल्या स्कूटरीचा विचार करावा. तिचा पडदा, कंट्रोलर आणि बॅटरी एकमेकांशी आपल्या भाषेत बोलतात, दुसऱ्याचा भाग बसवला तर ओळखच देत नाहीत, आणि काही कामे कंपनीच्या संगणकातून परवानगी आल्याशिवाय होत नाहीत. नेदरलँड्सची व्हॅनमूफ ही विजेच्या सायकलींची नावाजलेली कंपनी जुलै २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा मालकांना पहिली चिंता पडली ती कुलूप उघडण्याच्या डिजिटल किल्लीची. प्रतिस्पर्धी कंपनीने त्या किल्ल्या वाचवून ठेवणारे अॅप काढून दिले, म्हणून निभावले. अमेरिकेत फिस्कर ही मोटारकंपनी जून २०२४ मध्ये गेली आणि गाडीचे सॉफ्टवेअर पुढे कोण सांभाळणार, यासाठी मालकांना संघटना उभारावी लागली. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या तशा जातील असे मला म्हणायचे नाही. परंतु आकार म्हणजे हमी नव्हे, हेही दिसले आहे. ओला इलेक्ट्रिकचा शेअर ऑगस्ट २०२४ मध्ये ७६ रुपयांना आला, त्याच महिन्यात दीडशेपार गेला, आणि ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने वर्षभरातल्या दहा हजारांहून अधिक तक्रारींवरून कंपनीला नोटीस दिली. गिऱ्हाइकाने नवी गाडी घेतानाही एवढे विचारावे की कंपनीवाचून या गाडीचे काय काय चालेल.

तेव्हा बंद कंपनीची साधी गाडी घ्यावी का? गावातल्या गावात फिरणाऱ्याने, ज्याच्या ओळखीत असा कारागीर आहे त्याने, घरात दुसरे वाहन असेल तर अवश्य घ्यावी. कुसुंब्याहून किंवा सोनगीरहून रोज धुळ्याला येणाऱ्याने घेऊ नये. पल्ला पुरणार नाही आणि महामार्गावर चाळीसच्या वेगाने ट्रकांपुढे चालणे जिवाशी खेळ आहे. बॅटरीची दुरुस्ती कोणाकडूनही करून घेऊ नये. एप्रिल २०२२ मध्ये नाशिकला कंटेनरमध्ये भरलेल्या वीस स्कूटरी जळाल्या, त्याच्या आदल्याच महिन्यात पुण्यात भर दिवसा रस्त्याकडेला एक पेटली होती, आणि अशाच घटनांनंतर डिसेंबर २०२२ पासून बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक झाले. बाजारात पडून असलेल्या बहुतेक गाड्या त्याआधीच्या आहेत. त्यातही लोह-फॉस्फेटचे सेल असलेली बॅटरी उष्णता अधिक सोसते. कोणते सेल आहेत हे झाकण उघडल्याशिवाय किंवा एकूण व्होल्टेजचा हिशेब केल्याशिवाय कळत नाही. बीएमएस काढून टाकून ‘डायरेक्ट’ करून देतो म्हणणारा कारागीर असेल तर बॅटरी उचलून परत यावे. आणि झोपण्याच्या खोलीत चार्जिंग कोणीही करू नये, मग बॅटरी कोणाचीही असो.

कागदपत्रांत एक पाचर असते. ताशी पंचवीसच्या आतल्या, अडीचशे वॉटपर्यंतच्या गाड्यांना नोंदणी नसते, त्यामुळे मूळ बिल हाच मालकीचा पुरावा. ते नसेल तर गाडी चोरीची नाही हे सिद्ध करणे तुमच्याकडे येते. नोंदणीच्या गाडीला आरसीवर कर्जाची एचपी, म्हणजे गाडी तारण असल्याची नोंद, चढलेली आहे का ते आधी पाहावे, कारण अनेकांनी कंपनी बुडाल्यावर हप्ते भरणेच सोडले आणि गाडी गुपचूप विकायला काढली. चासी क्रमांक आरसीशी जुळवावा आणि मोटरीचा क्रमांकही, कारण हब मोटर चाकासकट बदललेली असू शकते.

किमतीचा माझा आडाखा साधा आहे. बॅटरी मेली आहे असे धरून उरलेल्या गाडीला जे मोल द्यावेसे वाटेल तेवढेच मागावे. बॅटरी निघाली चांगली तर तो आपला फायदा. झाकण उघडून, भार देऊन मोजू द्यायला विक्रेता तयार असेल तर आणखी चार-पाच हजार वर जायला हरकत नाही. तयार नसेल तर त्याचा चहा घ्यावा, आभार मानावेत आणि शेजारच्या दुकानात उभ्या असलेल्या दुसऱ्या गाडीची चौकशी करावी. या मालाला सध्या तोटा नाही.